पिसांचं पिसं

अहो, तुमच्याकडे पोचलं का हे लोण? नसेल पोचलं तर देवापुढे साखर ठेवा आणि मुकाट्याने खिडक्या लावून घ्या. आमच्या नवी मुंबईत, त्यातही नेरूळ-सीवूड्सच्या खाडीकडच्या अंगाला, आता एकही सोसायटी धड राहिलेली नाही. जन्मभर साडेआठच्या आत ज्यांनी चादर बाजूला केली नाही, ते गृहस्थ पहाटे पाचला टॉर्च दातात धरून गमबूट शोधताना सापडताहेत. कुठे निघालात म्हणून विचारावं तर उत्तर काय, "चिखलात." आणि हे सांगताना चेहऱ्यावर काशीला निघाल्याचं समाधान!

पोरासोरांचं खूळ असतं तर चार दिवस कानाडोळा केला असता. पण यात कोण कोण अडकलंय ते ऐका. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, ज्यांनी उभ्या हयातीत कुणाला कागदाशिवाय दहा रुपये दिले नाहीत. दातांच्या एक डॉक्टरीणबाई. गणिताच्या दोन शिक्षिका. एक सीए, ज्याचं मार्चअखेरीलाही कामात लक्ष नसतं, कारण मार्चात म्हणे पक्षी परतीला लागतात आणि रंगात येतात. आणि बी विंगच्या त्या काकू! ज्यांच्याकडे बोट दाखवून आम्ही पोरींना "असं नीटनेटकं राहावं" म्हणून सांगायचो, त्या काकू परवा गुडघाभर चिखल घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या. वर वॉचमनला म्हणतात, "आज डनलिन दिसला रे." तो बिचारा म्हणाला, "अभिनंदन मॅडम." काय करील? दिवाळीची पोस्त त्यांच्याचकडून घ्यायची असते.

भाषा तर विचारू नका. लिफ्टमध्ये दोन सभ्य दिसणारे पुरुष उभे. एक म्हणतो, "काल अखेर ओपन विंग मिळाली." दुसरा विचारतो, "एकटी होती?" "छे, जोडी. मेटिंग. दहा मिनिटं हलली नाहीत. फोटो ग्रुपवर टाकतो." मागे तुळशीमाळ घातलेल्या आजी उभ्या होत्या, त्या पाचवा मजला असताना तिसऱ्यावरच उतरल्या. नंतर कळलं, विषय फुलपाखरांचा होता. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू सगळ्यांनाच मिळतं, उघडून बसलेलं नशिबाने मिळतं, म्हणून हा आनंद. आणि एक 'लायफर' नावाचं प्रकरण आहे. जो पक्षी आयुष्यात पहिल्यांदा दिसला तो लायफर. लग्नाच्या वाढदिवशी एक गृहस्थ डोळ्यांत पाणी आणून बायकोला म्हणाले, "आजचा दिवस मी विसरणार नाही." ती लाजली. ते पुढे म्हणाले, "आज लायफर मिळाला." त्या रात्री जेवण बाहेरून आलं.

कपडे बघा त्यांचे. मेंदी, माती, शेवाळ, यापलीकडे रंग नाही. घरात नवी कोरी साडी आणली तर विचारतात, "फार भडक नाही का? पक्षी बुजतील." गळ्यात दुर्बीण, खांद्यावर तिपाई, तिपाईवर 'स्कोप'. लेन्सची खरी किंमत घरात सांगण्याची पद्धत नाही. शेवटचं शून्य गाळून सांगतात आणि तरीही बायका भिंतीला टेकतात.

पण मला खरा धक्का बसला तो कालनिर्णयचा. एरवी देवाधर्माच्या नावाने नन्नाचा पाढा असलेला तो सीए रोज सकाळी उठून तिथी बघतो. आईला वाटलं, पोरगा सुधारला. तिने कौतुकाने विचारलं, "संकष्टी धरणार का रे?" तो म्हणाला, "संकष्टीला तीनला भरती." झालं काय, की कोळीवाड्यातल्या कुणीतरी या मंडळींना जुना हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते. चतुर्थी म्हणजे चाराचे पाऊणपट तीन, म्हणून तीनला भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. थोडं इकडेतिकडे होतं, पण घरातून निघायला पुरेसं. तेव्हा आता आमच्याकडे एकादशी ही विठ्ठलाची कमी आणि चिखल्यांची जास्त झाली आहे. डबा मात्र साबुदाण्याचाच लागतो. तिथे कुणाची श्रद्धा डळमळलेली मी पाहिली नाही.

भरतीचं एवढं काय, असं मीही विचारलं. तर त्याला कारण आहे, आणि कारण ऐकून माझा आवाज थोडा खाली आला, तेही कबूल करते. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल मैलोन्मैल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर विखरून चरत बसतात. लांब, इतके लांब की स्कोपमधूनही राईएवढे. भरती चढायला लागली की चिखल बुडतो आणि तेच पक्षी अलीकडच्या पाणथळ जागांत, नेरूळच्या डीपीएस तलावात, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे, दाटीवाटीने येऊन उभे राहतात. मोजायचे तर तेव्हाच. म्हणजे या तलावांवर कुणी भराव टाकला तर 'दुसरीकडे जातील' म्हणण्यात अर्थ नाही. भरतीचे ते तीनचार तास उभं राहायला जागाच उरत नाही. हे मला एका गणिताच्या बाईंनी समजावलं, आणि समजावताना माझ्या पांढऱ्या भिंतीवर पेन्सिलीने खाडीचा नकाशा काढला. तो अजून तसाच आहे.

मोजणीचा सोहळा जानेवारीत असतो. आशियाई पाणपक्षी गणना म्हणतात, 1987 पासून चालू आहे, आपल्याकडे बीएनएचएस म्हणजे 1883 साली स्थापन झालेली ती मुंबईची जुनी निसर्गसंस्था त्यात असते. फुकट काम. चहासुद्धा स्वतःचा. आणि मोजायचं कसं ते ऐका. थव्यातले पहिले दहा एकेक करून मोजायचे. दहा पक्षी डोळ्याला किती जागा व्यापतात ते मनात धरायचं आणि मग तेवढा तेवढा तुकडा थव्यावर टाकत पुढे सरकायचं. थवा मोठा असला तर शंभराचा तुकडा. अर्ध्यावर आलात, की एखादी दलदली घार डोक्यावरून जाते, सगळा थवा उठतो, हवेत दोन गिरक्या घेतो आणि अगदी निराळ्या रांगेत पुन्हा बसतो. मोजणारा आकाशाकडे बघून काहीतरी पुटपुटतो (ते मी लिहू शकत नाही) आणि पुन्हा एकापासून सुरू करतो. एकाच थव्याचे चौघांनी चार आकडे काढले की बांधावर बसून वाद. बँकेचे साहेब म्हणाले, माझा आकडा कमी आहे कारण मी दिसला तेवढाच मोजला. सीए म्हणाला, मी अंदाज धरला, तुमची पद्धत जुनी. त्या दोघांचं गेल्या जानेवारीपासून बोलणं नाही. गणपतीत आरतीला शेजारी उभे होते, पण टाळ वेगवेगळ्या लयीत.

आणि एवढा तंटा कशावरून, तर तपकिरी पक्ष्यांवरून! गुलाबी रोहित मोजले तर निदान बघणाऱ्याला कळतं. पण या मंडळींचा खरा जीव त्या चिखलाच्या रंगाच्या, मुठीएवढ्या, एकसारख्या दिसणाऱ्या किरट्या पक्ष्यांवर. मी एकदा स्कोपला डोळा लावला. मला वीस एकसारखे दिसले. काकू म्हणाल्या, "छे गं, चार जाती आहेत. तो टिलवा, तो चोच खाली वाकवलेला कर्ल्यू सँडपायपर, तो चिखल्या." कर्ल्यू सँडपायपर म्हणे सैबेरियाच्या पार उत्तरेच्या टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळा काढायला आमच्या सांडपाण्याकाठी येतो. आपली मुलं शिकून अमेरिकेला जातात आणि पाच वर्षं तोंड दाखवत नाहीत. हा हाताएवढा जीव दर वर्षी जाऊन येतो. चिखल्याची कथा तर आणखी. लेसर सँड प्लोव्हर नावाचा एकच पक्षी होता, 2023 साली तज्ज्ञांनी त्याच्या दोन जाती केल्या, एक सैबेरियन, एक तिबेटन. एकत्र कुटुंबात जावा वेगळ्या चुली मांडतात तसं झालं आणि भांडी वाटायचं काम आमच्यातल्यांवर आलं: जुन्या नोंदी काढून यातला कुठला कुणाचा, म्हणून रात्र रात्र जागरणं.

रोहितांचं मात्र मी थोडं सविस्तर सांगते, कारण त्यात घरंदाज माणसाला शोभणार नाही असं बरंच आहे. आपण त्यांना अग्निपंख म्हणतो, कवितेत घालतो, लग्नपत्रिकेवर छापतो. ही गुलाबी कांती जन्मजात नव्हेच. पिल्लं करडी असतात. पुढे शेवाळ आणि बारीक जीव खाऊन रंग चढतो. आणि खाडीत शेवाळ एवढं माजलं कशाने? तुमच्याआमच्या मोऱ्यांनी. शिवडीच्या चिखलात हे मोठ्या संख्येने दिसायला लागले ते 1994 च्या सुमाराला. सांडपाणी वाढलं, शेवाळ वाढलं, आणि पाहुणे जेवायला आले, असं जाणकार सांगतात. म्हणजे ज्या सौंदर्यापुढे आपण सेल्फी काढतो त्याचा मेकअप आपल्याच न्हाणीघरातून गेलेला आहे! शिवाय जेवण्याची रीत: डोकं उलटं. मान खाली सोडून चोच उपडी पाण्यात घालायची आणि जिभेने पाणी आत ओढून चोचीच्या जाळीतून बाहेर ढकलायचं. पाय जागच्या जागी तुडवत चिखल ढवळायचा. एका पंगतीत असे हजारो. 2019 च्या जानेवारीत तर गणनेचा आकडा लाखाच्या वर गेला होता. वाढायला कोण पुरं पडणार?

बरं, रात्री बाहेर राहायची सवय! प्रवास रात्रीचाच. 2022 मध्ये बीएनएचएसने काही रोहितांच्या अंगावर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारी यंत्रं बसवली आणि त्यांना नावं ठेवली. एकाचं नाव हुमायून, पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलालींवरून. आता मला सांगा, गच्चीवर वाळवण घालताना पलीकडून "हुमायून रात्रीत गुजरातला पळाला, कुणाला पत्ताच नाही" असं कानावर आलं तर शेजारणीने काय समजावं? तिने पोलीसपाटलाची आठवण काढली, त्यात तिचं काय चुकलं!

इथपर्यंत थट्टा. पण या खुळात एक जात अशी घुसली आहे की तिच्याविषयी बोलताना माझं हसू आपोआप मिटतं. ही मंडळी मोजत नाहीत, टिपत नाहीत, त्यांना फक्त 'फ्लाइट शॉट' हवा असतो. थवा शांत चरत असला की फोटो येत नाही. मग कुणीतरी खडा मारतो. शेकडो पक्षी उठतात, क्लिक क्लिक होतं, गडी घरी जातो. सैबेरियापासून आलेल्या पक्ष्याने परतीसाठी अंगावर साठवलेली चरबी एका लाइकपायी जाळायची. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फांदीवर बोलावणारे आहेत. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत कुणी घुसलं, तो चरणं सोडून भांडायला येतो. घरट्याआडची पानं खुडून 'क्लीन फ्रेम' करणारे आहेत. पान गेलं की ऊन लागतं आणि कावळ्याला घरटं दिसतं. पक्षी ओळखायला आले नाहीत तरी हरकत नाही, पण घरट्याच्या दाराशी ट्रायपॉड ठोकणाऱ्या या माणसांना आमच्या काकू जे सुनावतात ते ऐकायला मी मुद्दाम बरोबर गेले आहे. पैसे वसूल होतात.

गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्येही तेच. हिवाळ्यात कुरव लाँचच्या मागे लागतात आणि लोक त्यांना गाठी भरवतात. मीठ, तेल, बेसन! मासे खाऊन जगणाऱ्या पक्ष्याला फरसाण! काकूंनी एका कुटुंबाला हात जोडून सांगितलं, तर त्यांतले आजोबा म्हणाले, "अहो, पुण्य लागतं." काकू म्हणाल्या, "मग तुम्ही खा, बीपीचं पुण्य लागेल." लाँचभर हशा पिकला, गाठींची पुडी मात्र सुटलीच.

आता वळते फुलपाखरांकडे, कारण खरी अब्रू तिथे गेली आहे. पक्ष्यांसाठी निदान घराबाहेर जावं लागतं. फुलपाखरं घरात शिरतात. सप्टेंबर महिना हा देशभर फुलपाखरांचा महिना म्हणून पाळतात, 2020 पासून. त्या महिन्यात आमच्या डॉक्टरीणबाई गॅलरीत सडकी केळी टांगतात. हो, सडकी! ज्या बाईंच्या दवाखान्यात जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात. म्हणे, काही फुलपाखरं फुलांकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांना नासलेलं फळ लागतं, शेण लागतं, मेलेला खेकडा तर पंचपक्वान्न. नर ओल्या मातीवर घोळक्याने बसून क्षार चोखतात आणि पुढे तेच क्षार मीलनाच्या वेळी मादीला आहेर म्हणून देतात. खुळखुळ्याच्या सुकलेल्या झुडपावर टायगर आणि क्रो जातीचे नर लोंबकळत असतात, ते त्यातला रस घेऊन मादीला भुलवण्याचं अत्तर बनवायला. मला वाटत होतं फुलपाखरू म्हणजे बालगीतातलं निरागस काहीतरी. हे तर कोपऱ्यावरच्या पानटपरीसारखं निघालं.

आणि कढीपत्त्याचं महाभारत! सोसायटीच्या बागेत कढीपत्त्याचं झाड आहे, ए विंगपासून डी विंगपर्यंत सगळ्यांच्या फोडण्या त्यावर. ऑगस्टात त्याची पानं कुणीतरी कुरतडायला लागलं. माळ्याने बघितलं, अळ्या. त्याने फवारणीचा पंप काढला. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची सातवीतली मुलगी झाडापुढे येऊन उभी राहिली. हात पसरून. म्हणाली, "हे मॉर्मन आहेत." माळी म्हणाला, "कुणीपण असूदे."

मग सगळ्यांनी जवळ जाऊन बघितलं, आणि मीही बघितलं. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी होतं, करडंपांढरं, ओलसर चमक असलेलं. मुलगी म्हणाली, हीच लहान अळी. शीट समजून पक्षी सोडून देतात. शेजारच्या फांदीवर मोठी होती, हिरवीगार, गुबगुबीत, मानेवर डोळ्यांसारखे ठिपके. मुलीने गवताच्या काडीने तिला हलकेच टोचलं. त्यासरशी डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर आलं, सापाच्या जिभेसारखं, आणि असा आंबूस उग्र वास सुटला की सेक्रेटरी दोन पावलं मागे सरले. शिंग आत गेलं. अळी पुन्हा पान खायला लागली, किनारीपासून आत, मान वरून खाली, वरून खाली. सातवीतली मुलगी पुढे बोलतच होती: कॉमन मॉर्मनच्या मादीची तीन रूपं असतात, एक नरासारखं, बाकीच्या दोन रूपांत ती रोझ जातीच्या विषारी फुलपाखरांचं सोंग घेते, पक्षी फसतात. लिंबू नाहीतर संत्र्याच्या झाडावर आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मनही येतं, ज्याला मराठीत निलवंत म्हणतात आणि 2015 मध्ये महाराष्ट्राने ते राज्याचं फुलपाखरू ठरवलं. असं करणारं आपलं पहिलं राज्य. "राज्य फुलपाखरू" म्हटल्यावर सेक्रेटरींना घाम फुटला. त्यांना वाटलं, आता सरकारी परवानगी लागणार.

विषय सर्वसाधारण सभेत गेला. पार्किंगवर जेवढं भांडण झालं नव्हतं तेवढं कढीपत्त्यावर झालं. एक गट: आमच्या पोह्यांचं काय? दुसरा गट: पोहे बिनकढीपत्त्याचे होतात, फुलपाखरू बिनकढीपत्त्याचं होत नाही. अखेर ठराव झाला की अर्धं झाड स्वयंपाकाला, अर्धं अळ्यांना, मधे सुतळी बांधावी. ठराव एकमताने मंजूर. अळ्यांनी मात्र सुतळी मानली नाही. त्या मेणाहून मऊ जिवांनी रेशमाचा एक दोर कमरेला बांधून आमच्याच बाजूच्या फांद्यांवर कोश केले आणि सोसायटीतल्या बायका फोडणी अर्धवट टाकून ते बघायला खाली येऊ लागल्या. कोण कोण आलं होतं त्याची यादी माझ्याकडे आहे. पोहेवाल्या गटाच्या अध्यक्षीणबाई त्यात पहिल्या.

खाडीकाठच्या फुलपाखरांचं तर याहून नाजूक. कांदळवनाच्या मागे, खारट जमिनीत पिलूचं झाड येतं, दातवणाच्या मिस्वाकचं. गचपण दिसतं, म्हणून सुशोभीकरणवाले त्याच्यावर पहिली कुऱ्हाड घालतात. आणि स्मॉल सामन अरब नावाचं एक गुलाबट नारिंगी चिमुकलं फुलपाखरू अंडी घालतं ते त्याच झाडावर. झाड तोडून तिथे पाम लावला, कारंजं लावलं, बाक टाकला, बाकाच्या पाठीवर फुलपाखराचं चित्र रंगवलं. हा विनोद माझा नाही. असे बाक तुम्हीही पाहिले असतील.

लग्नाच्या बाजारातही याची झळ आहे, तेवढं सांगून टाकते. मुलगा सुस्वभावी, निर्व्यसनी, पगार चांगला, म्हणून स्थळ नेलं. मुलीने विचारलं, वीकएंडला काय करतोस? तो म्हणाला, भांडुप पंपिंग स्टेशनला जातो. मुलीच्या वडलांनी पाणी मागवलं. त्यांना कसं कळावं की मुंबईतल्या पक्षीवेड्यांचं ते पंढरपूर आहे? मुलगी मात्र म्हणाली, "सूर्योदयाला की भरतीला?" साखरपुडा झाला. तारीख अर्थात जूनमधली, कारण तेव्हा स्थलांतरित पक्षी नसतात.

तर एवढ्या बोभाट्यानंतर तुम्ही विचाराल, की या चिखलात लोळण्याचा उपयोग काय? मलाही हाच प्रश्न होता आणि तो मी मोठ्या आवाजात विचारत असे, 2024 पर्यंत. त्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येईनासं झालं. खाडीतून पाणी आत येण्याचे मार्ग बुजले होते. तलाव सुकत गेला आणि तिथे रोहित मरून पडू लागले. एरवी हे कुणाला कळलं असतं? पण तिथे तर रोज पहाटे कुणी ना कुणी वही घेऊन उभंच. कुठल्या दिवशी किती पाणी, किती पक्षी, किती मेलेले, तारखेवार लिहिलेलं. "पक्षी इथे येतच नाहीत" असं म्हणायची सोय ठेवली नव्हती त्यांनी. पत्रं, निदर्शनं, मानवी साखळ्या, वर्षभर चाललं. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव करायला मंजुरी दिली. बँकेच्या साहेबांची ती कागदाशिवाय दहा रुपये न देण्याची वृत्ती तिथे कामाला आली, एवढंच मी म्हणेन.

तलाव सुकला त्याच 2024 च्या मे महिन्यात घाटकोपरला उतरत्या विमानाने रोहितांच्या थव्याला धडक दिली. चाळीसच्या घरात पक्षी गेले. रात्री वस्तीतल्या गल्ल्यांतून वनखात्याच्या लोकांबरोबर स्वयंसेवकही पिसं आणि पाय गोळा करत फिरत होते. ते मी जास्त लिहीत नाही.

आणि एकातून दुसरं निघतं ते असं. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था कोकण किनाऱ्यावर समुद्र गरुडाच्या मागे होती. 2002 साली वेळासला गरुड बघायला गेलेल्या त्यांच्या मंडळींना वाळूत कासवाच्या अंड्यांची रिकामी टरफलं दिसली. तिथून कासवाची अंडी राखण्याचं काम सुरू झालं, गाव त्यात उतरलं, आणि आज तुम्हीआम्ही कासव महोत्सवाला जाऊन उकडीचे मोदक खातो. गरुडवेडे मान वर करून चालत असते तर? नाही, यांची सवयच वाईट, वर बघतात, खाली बघतात, शेजाऱ्याच्या कुंडीतही बघतात.

शिवाय ही टिपणं कुठे जातात तेही मला आता ठाऊक झालं आहे. ई-बर्ड या संकेतस्थळावर. जाताना वेळ, ठिकाण, किती चाललात, सगळं घालायचं. दिसलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, कावळासुद्धा. 2023 साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला तो अशाच तीस हजारांहून जास्त हौशी माणसांच्या तीन कोटी नोंदींवर उभा होता. 942 जातींचा लेखाजोखा, त्यांतल्या 178 जातींकडे तातडीने बघायला हवं असा निष्कर्ष. सगळी फौज बिनपगारी. आपल्याकडे शिरगणतीला मास्तरांना जुंपावं लागतं, इथे मास्तरीणबाई आपण होऊन चिखलात उतरतात.

आणि आता आमच्या घरची बातमी, कारण बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. सासूबाई. वय विचारू नका, माहेर हर्णै. फेब्रुवारीत चार दिवसांची ती परसातली पक्षीगणना असते. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसेल ते लिहायचं. काकूंनी त्यांना गॅलरीत खुर्ची टाकून दिली, मोबाइलवर ॲप घालून दिलं. पहिल्या दिवशी कावळे, कबुतरं, दोन खंड्या, एक भारद्वाज. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ठणकावून लिहायला लावलं: "काकण, दोन." काकण म्हणजे कोकणात समुद्र गरुड. संध्याकाळी तपासनिसांचा निरोप आला, अगदी अदबीने, की ही नोंद इथे क्वचितची आहे, तेव्हा काही तपशील देऊ शकाल का. ब्राह्मणी घार तर नसेल?

मी तो निरोप त्यांना मराठीत वाचून दाखवला, ही चूक की काय ते देव जाणे. त्या खुर्चीत ताठ बसल्या. म्हणाल्या, "लिही त्याला. डोकं पोट पांढरं, पाठ करडी, शेपूट आखूड, पाचरीसारखी. पंख असे वर धरतो." स्वतःचे दोन्ही हात त्यांनी वर धरून दाखवले, पदर सावरायचं भान नाही. "आणि घार तांबडी असते म्हणावं, विटेसारखी. आमच्या दारच्या सुरूवर घरटं होतं काकणाचं, मी परकरात असल्यापासून बघत्ये." मी सगळं टाइप केलं. नोंद मान्य झाली. पण त्यांचा राग काही उतरला नाही. रात्री जेवताना मधेच थांबून मला विचारतात, "तो तपासनीस लग्नाचा आहे का गं?" मी म्हटलं, ठाऊक नाही, का बरं? तर म्हणतात, "ज्याला घार आणि काकण कळत नाही, त्याला मुलगी देणार कोण?" आणि ताटातला मासा उलटा केला.